शहरातल्या शाळा आणि शिक्षण-उद्योजक: पाठबळ देणारी ना-नफा संस्था कशी उभारावी

मोठ्या शहरांतल्या शाळांसाठी काही नवे करून पाहण्याची तळमळ असलेली माणसे कमी नसतात. दहा-बारा वर्षे वर्गात काढलेल्या एखाद्या शिक्षिकेला पाचवीतली मुले वाचताना नेमकी कुठे अडतात हे उमगलेले असते आणि स्वतःच्या वर्गापुरता तिने त्यावर उपायही शोधलेला असतो. पण तोच उपाय वीस शाळांत न्यायचा म्हटले की नोकरी सोडावी लागते, घर कसे चालवायचे हा प्रश्न उभा राहतो, दुसऱ्या शाळेत शिरायला परवानगी मिळत नाही आणि नोंदणी, करार, हिशेब यांतले काहीच ठाऊक नसते. अशा व्यक्तीला या लेखात शिक्षण-उद्योजक म्हटले आहे. शाळा काढून नफा कमावणारा असा अर्थ इथे अभिप्रेत नाही. शिक्षणातल्या एका अडचणीवर टिकाऊ उपाय उभा करण्याची जबाबदारी अंगावर घेणारी व्यक्ती एवढाच अर्थ आहे. तिच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या ना-नफा संस्थेला सोयीसाठी आधारसंस्था म्हणू.

अशा संस्थांना आता बराच इतिहास आहे. सामाजिक उद्योजकांना वेतन देऊन मोकळे करण्याची कल्पना १९८० मध्ये स्थापन झालेल्या अशोका या संस्थेने रुजवली. अमेरिकेत १९९८ मध्ये न्यूस्कूल्स व्हेंचर फंड केवळ शिक्षण-उद्योजकांसाठी निघाला. २००६ मध्ये इंडियानापोलिसमध्ये माइंड ट्रस्ट उभा राहिला आणि एकाच शहरावर सगळे लक्ष केंद्रित करणारी आधारसंस्था कशी असते हे दिसले. हा लेख या शेवटच्या प्रकारची, म्हणजे एका शहरापुरती संस्था काढू पाहणाऱ्यांसाठी आहे. त्यामागचे मत सुरुवातीलाच सांगितलेले बरे: आधारसंस्थेने द्यायच्या गोष्टींत पैसा तिसऱ्या क्रमांकावर येतो. पहिली गोष्ट शाळेचे उघडे दार आणि दुसरी निर्धास्त वेळ. हा क्रम चुकला की भरपूर निधी असूनही काम उभे राहत नाही.

पहिली पायरी: शहर ओळखणे

पहिले सहा महिने कोणालाही निधी देऊ नये. त्या काळात शहरातल्या सगळ्या शाळांची यादी करावी आणि प्रत्येक शाळेचा पट, शिक्षकांची रिक्त पदे, मुख्याध्यापक किती काळ टिकतात आणि मुले कोणत्या इयत्तेनंतर गळतात हे एका तक्त्यात मांडावे. हजेरीपटावरची संख्या आणि वर्गात प्रत्यक्ष बसलेली मुले यांत फरक असतो, म्हणून किमान दहा-बारा शाळांत आगाऊ परवानगी घेऊन, पण दिवस न ठरवता जावे आणि डोकी मोजावीत. हे काम पगारी सल्लागाराकडे सोपवू नये. संस्थेचे संचालक आणि शक्य असेल तर दोन विश्वस्त यांनी ते स्वतः करावे, कारण पुढची अनेक वर्षे ज्यावर निर्णय घ्यायचे ते चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर असायला हवे.

मुलांना काय येते हे मोजण्यासाठी प्रथम या संस्थेच्या कामातून रुजलेली एका पानाची वाचनचाचणी पुरेशी आहे. पानावर अक्षरे, शब्द, एक सोपा परिच्छेद आणि एक छोटी गोष्ट असते. मुलाला आधी परिच्छेद द्यायचा. तो सहज वाचला तर गोष्ट, अडखळत वाचला तर शब्द आणि शब्दही जमले नाहीत तर अक्षरे. एका मुलाला काही मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. मात्र ही चाचणी घेताना बारकावे सांभाळावे लागतात. अशाच एका तपासणीत व्हरांड्यात दोन खुर्च्या मांडून आम्ही पाचवीच्या मुलांना एकेक करून बोलावत होतो. एका मुलीने परिच्छेद घडाघडा म्हटला. तिचे बोट मात्र दोन ओळी मागे होते. रांगेत उभी असताना पुढच्या चौघांचे वाचन तिने ऐकले होते आणि तेच ती म्हणत होती. दुसरा कागद हातात दिल्यावर ती शब्दांवरच थांबली. तेव्हापासून आम्ही चाचणीचे चार वेगवेगळे नमुने ठेवतो, रांग ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर लावतो आणि कानांनी ऐकतानाच मुलाच्या बोटाकडेही पाहतो.

या सहा महिन्यांच्या शेवटी संस्थेने एकच प्रश्न निवडावा. ‘शहरातले शिक्षण सुधारणे’ हा प्रश्न होत नाही. ‘पाचवी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला गोष्ट समजून वाचता यावी’ किंवा ‘सर्वाधिक गरजेच्या तीस शाळांत मुख्याध्यापकाने किमान चार वर्षे टिकावे’ हे प्रश्न होतात, कारण ते सुटले की नाही हे कोणालाही तपासता येते.

दुसरी पायरी: शाळेचे दार उघडणे

शाळा कोणाच्या अखत्यारीत आहेत आणि त्यांत बाहेरच्या व्यक्तीला काम करू देण्याचा अधिकार कोणाच्या सहीत आहे, हे उद्योजक निवडण्याआधी ठरलेले असले पाहिजे. इंडियानापोलिसच्या यशाचे मूळ इथेच आहे. इंडियाना राज्याच्या २००१ च्या कायद्याने त्या शहराच्या महापौरांना सनदी शाळांना, म्हणजे सरकारी निधीवर चालणाऱ्या पण स्वतंत्र कारभार असलेल्या शाळांना, मान्यता देण्याचा अधिकार मिळाला. तो अधिकार वापरणारे महापौर बार्ट पीटरसन आणि त्यांच्या कार्यालयात हे काम सांभाळणारे डेव्हिड हॅरिस यांनीच पुढे माइंड ट्रस्ट स्थापन केला. शाळांना मान्यता देता देता त्यांच्या लक्षात आले होते की परवानगी देता येते, पण चांगली शाळा चालवू शकणारी माणसे आपोआप येत नाहीत. २०१४ मध्ये राज्याने आणखी एक कायदा केला आणि शहराच्या शाळामंडळाला बाहेरच्या चमूंशी करार करून, त्यांना मोकळीक देऊन, आपल्याच छत्राखाली शाळा चालवू देण्याची वाट खुली झाली. म्हणजे कायदा, माणसे आणि निधी एकमेकांना पूरक ठरत गेले. या व्यवस्थेवर टीकाही झाली आहे. निवडून आलेल्या मंडळाचे नियंत्रण त्यामुळे सैल होते, हा आक्षेप गंभीर आहे आणि आधारसंस्थेने तो झटकून न टाकता आपल्या करारातच त्याचे उत्तर द्यावे.

शिक्षण विभागाशी होणाऱ्या सामंजस्य करारात पुढील बाबी स्पष्ट शब्दांत असाव्यात: कोणत्या शाळा, किती वर्षे, शाळेच्या वेळापत्रकातले कोणते तास, साहित्य आणि जागा कोणी द्यायची, मुलांची माहिती कोणाच्या ताब्यात राहील, तक्रार कोणाकडे जाईल आणि एखाद्या पक्षाला करार मोडायचा असल्यास किती मुदतीची सूचना द्यायची. करारावर अधिकाऱ्याच्या नावापेक्षा पदाला महत्त्व असावे. अधिकारी बदलतात आणि नवा अधिकारी ‘हे माझ्या आधीचे’ म्हणून हात वर करू शकतो, हा अनुभव जवळपास प्रत्येक संस्थेच्या वाट्याला येतो. वरून आदेश आला तरी प्रत्येक शाळेच्या मुख्याध्यापकांची स्वतंत्र लेखी संमती घ्यावी. नाइलाजाने हो म्हटलेल्या शाळेत उद्योजकाचे पहिले वर्ष खुर्ची मिळवण्यात जाते.

तिसरी पायरी: माणूस निवडणे

निवडीत सगळ्यात मोठी चूक होते ती उत्तम सादरीकरणाला भुलून. आत्मविश्वासाने बोलणारा तरुण आणि शब्द शोधत बोलणारी अनुभवी शिक्षिका समोरासमोर आले की समितीचा कौल सहसा तरुणाकडे झुकतो. अशोकाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला निवडलेल्या अगदी पहिल्या फेलो ग्लोरिया डिसोझा या मुंबईतल्या शाळाशिक्षिका होत्या. पाठांतराऐवजी भोवतालच्या परिसरातून शिकवण्याची पद्धत त्यांनी आपल्या वर्गात आधीच आकाराला आणली होती आणि अशोकाच्या वेतनामुळे त्या कामाला पूर्ण वेळ देणे त्यांना शक्य झाले. उपाय आधी वर्गात सापडलेला असणे आणि पाठबळ मागून येणे, हा क्रम मला आदर्श वाटतो.

म्हणून अर्जात तीनच प्रश्न असावेत: कोणती अडचण तुम्ही प्रत्यक्ष पाहिली, तिच्यावर आजवर स्वतः काय करून पाहिले आणि त्यात काय फसले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत असेल तर अर्ज बाजूला ठेवायला हरकत नाही. पुढच्या टप्प्यातल्या उमेदवारांना एकेका शाळेत पूर्ण दिवस बसवावे आणि संध्याकाळी दोन पाने लिहून घ्यावीत: ‘आज तुम्ही काय पाहिले?’ सल्ला विचारू नये. काही उमेदवार तरीही दोन्ही पाने शाळेने काय करायला हवे यावर खर्च करतात. काहीजण मात्र लिहितात की तिसऱ्या तासाला अर्धा वर्ग पाण्याच्या टाकीपाशी होता, कारण मधल्या सुट्टीत एकच नळ चालू होता. दुसऱ्या प्रकारचा उमेदवार निवडावा. ज्याला दिसते त्याला पुढचे शिकवता येते.

निवडसमितीत किमान एक कार्यरत शिक्षक आणि त्याच शहरातल्या शाळेत मूल असलेला एक पालक असावा, आणि त्यांचे मत इतरांच्या मताइतकेच मोजले जावे. समितीच्या सदस्यांचे उमेदवाराशी नाते किंवा आर्थिक संबंध असल्यास त्यांनी त्या मुलाखतीतून बाहेर बसावे आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी. पहिल्या वर्षी दोन किंवा तीनपेक्षा जास्त जणांना घेऊ नये. योग्य व्यक्ती मिळाली नाही तर जागा रिकामी ठेवण्याची तयारी हवी आणि देणगीदाराला तसे आधीच सांगून ठेवावे.

चौथी पायरी: वेळ आणि पैसा

निवडलेल्या व्यक्तीला दोन वर्षांचे पूर्ण वेतन मिळावे. माइंड ट्रस्टची पाठ्यवृत्तीही दोन वर्षांची होती, आणि त्याला कारण आहे. पहिले वर्ष शाळा समजून घेण्यात, साहित्य तयार करण्यात आणि चुका करण्यात जाते, आणि दुसऱ्या वर्षी त्याच मुलांबरोबर किंवा पुढच्या तुकडीबरोबर ते नीट करून पाहता येते. एका वर्षाची पाठ्यवृत्ती दिली की सहाव्या महिन्यापासून त्या व्यक्तीचे अर्धे लक्ष पुढच्या नोकरीकडे लागते. वेतन ती आधी कमवत होती त्याच्या जवळपास असावे. त्यागाच्या नावाखाली तुटपुंजे मानधन दिले तर ज्यांच्या घरची परिस्थिती भक्कम आहे तेवढेच लोक अर्ज करतात आणि ज्या वस्त्यांतल्या शाळा सुधारायच्या, त्याच वस्त्यांतून आलेली माणसे दूर राहतात.

वेतनाखेरीज प्रयोगासाठी वेगळा बीजनिधी असावा आणि तो हप्त्यांनी द्यावा. पहिला हप्ता करार झाल्यावर, दुसरा पायाभूत चाचणी, म्हणजे प्रयोगाआधीची मोजणी, पूर्ण झाल्यावर आणि तिसरा पहिल्या वर्षाचा अहवाल आल्यावर. हप्ता अडवण्याचे कारण ‘काम झाले नाही’ हे असू शकते, पण ‘निकाल वाईट आला’ हे कधीही असू नये. निकालावर पैसे बांधले की निकाल सजवले जातात. देणगीदारांशी बोलताना किमान तीन वर्षांची बांधिलकी मागावी, आणि कार्यालय, लेखापाल, लेखापरीक्षण हा खर्च उघडपणे अंदाजपत्रकात दाखवावा. संस्थेच्या सहा महिन्यांच्या खर्चाइतका राखीव निधी साठेपर्यंत नवा कार्यक्रम सुरू करू नये.

पैसा मोठा आणि तयारी छोटी असली की काय होते हे अमेरिकेतल्या नेवार्क शहरात दिसले. सप्टेंबर २०१० मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी तिथल्या शाळांसाठी १० कोटी डॉलर देण्याची घोषणा राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर केली आणि तेवढीच रक्कम इतरांकडून उभी करायचे ठरले. ज्यांची मुले त्या शाळांत होती त्या नेवार्ककरांना ही बातमी तिथूनच कळली. एकूण निधीतले २ कोटींहून अधिक डॉलर सल्लागारांवर खर्च झाले आणि उंटावरून शेळ्या हाकल्या जात आहेत ही भावना शहरात घट्ट बसली. २०१४ मध्ये या सुधारणांना विरोध करणारे रास बराका महापौर म्हणून निवडून आले. पुढे झालेल्या अभ्यासात इंग्रजी विषयात मुलांची काही प्रगती आढळली, गणितात मात्र ठळक फरक दिसला नाही. म्हणजे काम अगदीच वाया गेले नाही, पण ज्यांच्यासाठी ते होते त्यांचा विश्वास आधीच गेला होता.

पाचवी पायरी: रोजचा आधार

आधारसंस्थेचे खरे काम कंटाळवाणे असते. उद्योजकाचे हिशेब ठेवणे, करार वाचून देणे, माणसे नेमताना जाहिरात लिहायला मदत करणे, शिक्षण विभागातली फाईल कोणत्या टेबलावर अडकली आहे ते शोधणे. हे सगळे संस्थेने आपल्याकडे घ्यावे, म्हणजे उद्योजकाचा दिवस शाळेत जाईल. दर आठवड्याला एक तासाची भेट ठेवावी आणि पंधरा दिवसांतून एकदा ती भेट शाळेतच, वर्ग पाहून व्हावी.

मार्गदर्शक म्हणून उद्योगजगतातले मोठे नाव देण्यापेक्षा तशाच वस्तीत शाळा चालवलेला निवृत्त किंवा कार्यरत मुख्याध्यापक द्यावा. २००३ ते २०११ या काळात चाललेल्या लंडन चॅलेंज या सरकारी कार्यक्रमात अनुभवी मुख्याध्यापकांनाच अडचणीतल्या शाळांचे सल्लागार केले होते आणि सारख्या परिस्थितीतल्या शाळांचे गट करून त्यांची आकडेवारी एकमेकांसमोर ठेवली जात असे. आपल्यासारखीच मुले असलेली शेजारची शाळा पुढे गेली आहे हे पाहिल्यावर ‘आमची मुलेच अशी’ हे कारण उरत नाही, आणि तिथे जाऊन विचारताही येते.

सहावी पायरी: छोटा प्रयोग आणि प्रामाणिक मोजमाप

पहिल्या वर्षी तीन ते पाच शाळा पुरेत. प्रयोग सुरू होण्याआधी पायाभूत चाचणी घ्यावी आणि तुलनेसाठी तशाच आणखी काही शाळा निवडाव्यात. इच्छुक शाळा जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकून निम्म्या शाळांत यंदा आणि उरलेल्यांत पुढच्या वर्षी काम सुरू करावे. यात कोणावर अन्याय होत नाही आणि तुलना आपोआप मिळते. चाचणी घेणारे लोक उद्योजकाच्या चमूतले नसावेत.

याचे उत्तम उदाहरण प्रथमच्या बालसखी कार्यक्रमाचे आहे. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या शाळांत तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना त्याच समाजातल्या तरुणी रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून मूलभूत गोष्टी शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकण्याच्या याच तत्त्वावर केलेला त्याचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या गुणांत चांगली वाढ दिसली, पण कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने पुन्हा मोजले तेव्हा त्या वाढीतला बराचसा भाग ओसरला होता. ही दुसरी मोजणी केली नसती तर आधार मध्येच काढून घेतल्यावर काय होते हे कळलेच नसते. म्हणून प्रत्येक प्रयोगाच्या अंदाजपत्रकात काम संपल्यानंतर एका वर्षाने घ्यायच्या चाचणीचा खर्च पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवावा.

मुलांची माहिती गोळा करताना गरजेपुरतीच करावी. नावाऐवजी क्रमांक वापरावा, पालकांची संमती त्यांना कळेल अशा भाषेत घ्यावी आणि माहिती कधी नष्ट करणार ते लिहून द्यावे. अमेरिकेत इनब्लूम ही विद्यार्थ्यांच्या माहितीची भली मोठी योजना पालकांच्या गोपनीयतेबद्दलच्या रोषामुळे २०१४ मध्ये गुंडाळावी लागली. त्या रोषाला पैशाचे बळ पुरे पडले नाही.

सातवी पायरी: शिक्षक आणि पालक

ही पायरी क्रमाने सातवी असली तरी सुरुवात पहिल्या महिन्यातच व्हायला हवी. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात ऑगस्ट २००५ च्या कॅटरिना वादळानंतर शाळाव्यवस्था जवळजवळ नव्याने उभी केली गेली. वादळानंतरच्या त्या काळात सात हजारांहून अधिक शाळा कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्यात आले. त्यांत अनेक वर्षे त्या वस्त्यांत शिकवणारे, तिथेच राहणारे कितीतरी कृष्णवर्णीय शिक्षक होते. पुढे त्या शहरातल्या मुलांचे निकाल सुधारल्याचे संशोधकांनी दाखवले, तरीही ती जखम अजून भरलेली नाही. प्रत्येक शाळेचे प्रवेश वेगळे, अर्ज वेगळे असल्यामुळे पालकांची इतकी धावपळ झाली की २०१२ मध्ये सगळ्या शहरासाठी एकच प्रवेश-अर्ज आणावा लागला.

आधारसंस्थेने यावरून दोन कामे नेमाने करावीत. शाळेत आधीपासून असलेल्या शिक्षकांच्या कामावर प्रयोगाचा काय परिणाम होईल हे लेखी सांगावे, आणि कोणाची नोकरी जाणार नसेल तर तसे स्पष्ट म्हणावे, जाण्याची शक्यता असेल तर तेही लपवू नये. दुसरे म्हणजे दर सत्रात पालकांची बैठक त्यांच्या कामाच्या वेळा पाहून घ्यावी आणि तिथे फलक, चित्रफिती न दाखवता मुलाचा पहिला आणि आताचा वाचनाचा कागद त्याच्याच पालकाच्या हाती द्यावा.

आठवी पायरी: वाढवणे, सोपवणे किंवा थांबवणे

दोन वर्षांनी तीन वाटा असतात. निकाल चांगला आणि टिकाऊ असेल तर उद्योजकाला स्वतःची संस्था नोंदवायला, स्वतंत्र विश्वस्तमंडळ नेमायला आणि पहिले दोन देणगीदार मिळवायला मदत करावी. आधारसंस्थेचा संचालक मात्र त्या मंडळात बसू नये. काम शिक्षण विभागानेच पुढे चालवणे योग्य असेल तर शेवटचे सहा महिने उद्योजकाने मागे बसावे आणि शाळेच्या शिक्षकांनी ते चालवावे. सगळे साहित्य, प्रशिक्षणाच्या टिपा आणि खर्चाचा तपशील विभागाकडे मोकळेपणाने द्यावा, त्यावर मालकी सांगू नये.

प्रयोग फसला असेल तर तो थांबवण्याचा निर्णय विश्वस्तांनी शालेय वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी घ्यावा, म्हणजे मुलांना मध्येच वाऱ्यावर सोडावे लागत नाही. मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष भेटून सांगावे. उद्योजकाला निदान तीन महिन्यांचे वेतन द्यावे, आणि काय केले, काय झाले नाही, का झाले नाही हे सांगणारा अहवाल त्याच्याच शब्दांत, संस्थेच्या नावाने प्रसिद्ध करावा. त्या अहवालाची एक प्रत प्रयोगातल्या प्रत्येक शाळेच्या कपाटात ठेवावी, कारण तीच अडचण सोडवायला पुढची व्यक्ती कधीतरी त्याच शाळेच्या दारात उभी राहणार असते.